टक्केवारीचा रकाना काढा : इंदूरच्या मराठी संस्थांना एक खुले पत्र

माननीय पदाधिकारी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की तुमची धावपळ सुरू होते. हॉल ठरवायचा, पाहुणे ठरवायचे, स्मृतिचिन्हांची ऑर्डर द्यायची, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स गोळा करायच्या. नव्वदच्या वरचे किती, जेईईवाले किती, नीटवाले किती. राजेंद्रनगरपासून रामबागेपर्यंत अशा समारंभांना मी कधी पाहुणी म्हणून, बहुतेकदा प्रेक्षक म्हणून बसले आहे. मुलांचं कौतुक व्हायलाच हवं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मागणं वेगळं आहे. तुमच्या निधीतली एक शिष्यवृत्ती, फक्त एक, अशा मुलासाठी किंवा मुलीसाठी ठेवा ज्यांच्याकडे यंदा दाखवायला काहीच नाही आणि कदाचित पुढच्या वर्षीही नसेल. मूलभूत विज्ञानात संशोधन करणाऱ्यांसाठी. अर्जात टक्केवारीचा रकाना नको आणि वर्षअखेरीला ‘काय साध्य केलंत?’ हा प्रश्नही नको.

असं मागणं खजिनदारांना पटणं कठीण, हे मला कळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी जीवरसायनशास्त्रातली. शिक्षण इंदूरला, पीएचडी आणि नोकरी बाहेर, निवृत्तीनंतर पुन्हा इथेच. उमेदीची सगळी वर्षं डीएनएच्या दुरुस्तीवर काम करण्यात गेली, आणि तेही क्षयाच्या जिवाणूच्या कुळातल्या एका निरुपद्रवी जिवाणूत. ‘तू नक्की करतेस काय?’ या प्रश्नाचं उत्तर घरात कुणाला नीट देता आलं नाही. आमच्या काकू लग्नकार्यात सरळ सांगून टाकत, ‘ती रक्त तपासते.’ त्यांना दोष देत नाही. शहरात डॉक्टर दिसतो, इंजिनियर दिसतो, कोचिंगवाले तर भंवरकुआंच्या चौकात होर्डिंगवरच दिसतात. संशोधक कुठे दिसणार?

तर मी काय करत होते ते आधी सांगते.

पेशी दुभंगण्याआधी तिला आपला सगळा डीएनए पुन्हा लिहून काढावा लागतो. डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांची लांबच लांब साखळी, माणसाच्या एका पेशीत ही अक्षरं सुमारे ६४० कोटी. लिहिणारं एन्झाइम (पेशीतलं कामकरी प्रथिन), पॉलिमरेज, ढोबळमानाने लाखात एखादं अक्षर चुकतं. बहुतेक वेळा ते तिथल्या तिथे थबकतं, एक पाऊल मागे येतं, चुकीचं अक्षर कापून काढतं आणि पुढे जातं. चूक कोटीत एकावर येते. त्यातूनही निसटलेल्या चुका हेरायला मागून दुसरी एन्झाइमं फिरत असतात, आणि शेवटी अब्जात एखादी उरते. लाख, कोटी, अब्ज : माझ्या विषयाचा अर्धा भाग या तीन शब्दांत आला.

दुसरा अर्धा भाग मला जास्त आवडतो. डीएनए नुसता पडून असतानाही मोडत असतो. सजीवांची सगळी मदार ज्या रेणूवर, तो भक्कमच असणार असं लोक धरून चालले होते. स्वीडनचे तोमास लिंडाल यांनी ते मोजून पाहिलं. आपल्या एकेका पेशीत रोज दहा हजारांच्या घरात अक्षरं नुसत्या पाण्यामुळे आणि शरीराच्या उष्णतेमुळे गळून पडतात. सायटोसिन हे अक्षर आपसूक बदलून युरॅसिल होतं, तेही रोज शंभरावर. युरॅसिल आरएनए या डीएनएच्या भाऊबंद रेणूत चालतं, डीएनएत चालत नाही. तिथे ते राहिलं तर पुढच्या प्रतीत त्या जागी कायमची चूक बसते. १९७४ मध्ये लिंडाल यांना हे युरॅसिल नेमकं उचलून काढणारं एन्झाइम सापडलं. डीएनएत युरॅसिलच्या जागी थायमिन का आलं असावं, याचाही त्यातून उलगडा होतो. युरॅसिल मुळातच डीएनएत असतं, तर मूळचं कोणतं आणि सायटोसिन बिघडून झालेलं कोणतं हे एन्झाइमने ओळखायचं कसं?

सराफ्यातली खाऊगल्ली मध्यरात्र उलटल्यावर आवरते आणि सकाळी सोन्याचांदीची दुकानं उघडायच्या आत रस्ता लख्ख झालेला असतो. दुरुस्तीची एन्झाइमं असंच काम करतात, आणि रस्ता झाडणाऱ्यांसारखीच कुणाच्या नजरेत येत नाहीत. २०१७ पासून सलग सात वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर आला, तेव्हा कुठे आपण त्या माणसांकडे बघायला लागलो.

आता प्रत्यक्ष कामाचं. प्रयोगशाळा म्हटलं की तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे पॅथॉलॉजीवाल्याची काचेची खिडकी येते : सकाळी रक्त दिलं, संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. आमचं असं चालायचं. वीस-तीस अक्षरांचा डीएनएचा तुकडा मागवायचा, मधोमध एक युरॅसिल. त्याच्या टोकाला किरणोत्सारी फॉस्फरस जोडायचा. फॉस्फरस-३२ चौदा दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे पार्सल आलं की घरी गणपती असोत की कुणाचं लग्न, कामाला लागायचं. जिवाणूतून काढलेलं एन्झाइम त्या तुकड्यावर सोडायचं. युरॅसिल निघालं असेल तर तिथे पोकळी राहते आणि अल्कलीत तापवलं की साखळी बरोबर त्याच जागी तुटते. मग दोन काचांच्या फटीत जेल ओतायचं. मध्ये बुडबुडा अडकला तर सगळं धुऊन परत. विजेच्या ओढीने जेलमध्ये तुकडे लांबीप्रमाणे वेगळे झाले की अंधाऱ्या खोलीत त्यावर एक्स-रे फिल्म चढवून उणे सत्तर अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवायची आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी फिल्म धुतली की वर लांब तुकड्याची काळी पट्टी आणि खाली तुटलेल्या तुकड्याची. खालची दिसली तर एन्झाइम काम करतंय. नुसती वरचीच दिसली तर एन्झाइम मेलं, बफरचं द्रावण बिघडलं, की रात्री वीज जाऊन फ्रीझर कोमट झाला, हे फिल्म सांगत नाही. ते शोधत बसायचं.

त्यात आमचा जिवाणू मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू वीस मिनिटांत दुभंगतो, आमचा तीन तास घेतो. अंगावर मेणचट कवच असल्यामुळे द्रवात गुठळ्या करून बसतो, त्या होऊ नयेत म्हणून ट्वीन-८० हे साबणासारखं रसायन घालावं लागतं. ई. कोलायवाल्या मैत्रिणी रात्री प्लेट लावून सकाळी वसाहती मोजायच्या, आमच्या प्लेटींवर तीन-चार दिवसांनी ठिपके दिसायचे. आणि हा झाला निरुपद्रवी भाऊबंद. खरा क्षयाचा जिवाणू जेमतेम दिवसाला एकदा दुभंगतो.

अशा कामात दोन-दोन वर्षं ‘निकाल’ नावाची गोष्ट नसते. काम होत नव्हतं असं नाही. काम रोज होत होतं.

माझ्या विषयातली एक हकिगत सांगते, ती खजिनदारांनी जरूर वाचावी. आर्थर कॉर्नबर्ग यांनी सेंट लुइसमध्ये ई. कोलाय जिवाणू फोडून, त्यांच्या रसात डीएनए तयार होतो का ते पाहायला सुरुवात केली. मोजणीयंत्रावर दहा लाख ठोके उमटतील एवढं किरणोत्सारी थायमिडिन (डीएनएचा एक घटक) आत घातलं, तर डीएनएत शिरलेल्याचे ठोके निघाले सुमारे पन्नास. दुसरा कुणी असता तर यंत्राची खरखर म्हणून सोडून देता. त्यांनी त्या पन्नासांचा पाठलाग केला आणि १९५६ मध्ये डीएनए पॉलिमरेज हाती आलं. पत्नी सिल्वी कॉर्नबर्ग याही त्या कामात होत्या, पण १९५९ च्या नोबेलवर त्यांचं नाव नव्हतं. डीएनएची प्रत काढणारं एन्झाइम मिळालं म्हणून सगळीकडे वाहवा झाली.

दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, जॉन केर्न्स आणि त्यांच्या सहायक पॉला डी लुशिया यांनी असा एक ई. कोलाय शोधून काढला ज्याच्यात कॉर्नबर्ग यांचं एन्झाइम जवळजवळ नव्हतंच. आणि तो मजेत दुभंगत होता! म्हणजे प्रत काढणारं मुख्य एन्झाइम दुसरंच कुठलं तरी असणार. फक्त अतिनील किरण पडले की हा जिवाणू पटापट मरायचा. नोबेल मिळालेलं एन्झाइम मुख्यतः दुरुस्तीचं निघालं. प्रत काढतानाही त्याला काम आहे, पण जोडकाम : मधले आरएनएचे तुकडे काढायचे आणि फटी भरायच्या. मग खरं प्रत काढणारं एन्झाइम शोधण्यात कुणाचा हात होता? कॉर्नबर्ग यांच्याच मुलाचा. टॉम चेलो शिकत होता, हाताला दुखापत झाली म्हणून प्रयोगशाळेत आला आणि पॉलिमरेज दोन आणि तीन शोधण्याच्या कामात उतरला. ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगायची आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचं, ‘मॅडम, मग नोबेल परत घेतलं का?’ नाही घेतलं. घ्यायचं कारणच नव्हतं.

मला यात पॉला डी लुशिया यांच्याबद्दल सांगायचं आहे. तो एक जिवाणू सापडावा म्हणून हजारो वसाहती एकेक करून वाढवायच्या, फोडायच्या आणि तपासायच्या. हजाराव्या वसाहतीला त्यांच्याकडून प्रगती-अहवाल मागितला असता, तर त्यात लिहिण्यासारखं काय होतं? हजार वसाहती तपासल्या, काही मिळालं नाही. दोन हजारालाही तेच. तुमच्या आजच्या नियमांप्रमाणे तिथेच पुढचा हप्ता थांबला असता.

अझीझ सांजार यांचंही तसंच. तुर्कस्तानातले डॉक्टर, अमेरिकेत पीएचडी झाली आणि पुढच्या जागेसाठी केलेले तिन्ही अर्ज परत आले. शेवटी येल विद्यापीठात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून चिकटले. अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनएचा तुकडा पेशी कशी कापून काढते, हे तिथल्या कामातून उलगडत गेलं. २०१५ चं रसायनशास्त्राचं नोबेल लिंडाल, पॉल मॉड्रिच आणि सांजार या तिघांना दुरुस्तीसाठीच मिळालं.

‘पण याचा उपयोग काय?’ हा प्रश्न मी तुमच्याच एका समारंभात ऐकला आहे, म्हणून उत्तर इथलंच देते. मनोरमाराजे टीबी हॉस्पिटल इंदूरकरांना नवं नाही. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. क्षयाचा जिवाणू औषधाला दाद देईनासा होतो तो बाहेरून काही उसनं घेऊन नव्हे. त्याच्या स्वतःच्या डीएनएत एखादं अक्षर चुकतं आणि चुकलेलंच राहतं. रिफॅम्पिसिन हे क्षयाचं मुख्य औषध लागू पडेनासं होण्यामागे बहुतेक वेळा एका जनुकातल्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यातला बदल असतो. म्हणजे हा जिवाणू आपल्या चुका किती दुरुस्त करतो, हा क्षयाच्या औषधोपचाराचाही प्रश्न आहे. सरकारी दवाखान्यात थुंकीची सीबीनॅट चाचणी होते तेव्हा यंत्र दोनेक तासांत याच पट्ट्याच्या असंख्य प्रती काढून तो तपासतं. त्या प्रती काढण्याची रीत म्हणजे पीसीआर. सुरुवातीच्या पीसीआरमध्ये कॉर्नबर्ग यांच्याच एन्झाइमचा एक तुकडा वापरला जात होता, पुढे उकळत्या झऱ्यातल्या जिवाणूचं टॅक पॉलिमरेज आलं, आणि तेही त्याच कुळातलं. कोविडमध्ये नाकात काडी घालून आरटी-पीसीआरसाठी घेतलेले नमुने याच रस्त्याने गेले. काकूंचाही गेला.

आणि क्षयाच्या जिवाणूची एक गंमत आहे, तिने माझी बरीच वर्षं खाल्ली. १९९८ मध्ये त्याचा सगळा डीएनए, सुमारे ४४ लाख अक्षरं, वाचून झाला. ई. कोलायपासून माणसापर्यंत सगळीकडे निसटलेल्या चुका शोधणारी जी एन्झाइमं असतात, ती याच्यात सापडलीच नाहीत. तरी हा फारसा चुकत नाही! त्यात याच्या डीएनएत सायटोसिनचा भरणा मोठा, शिवाय आपल्या पांढऱ्या पेशी त्याला मारायला जो नायट्रिक ऑक्साइड सोडतात तो सायटोसिन बिघडवणाराच. म्हणून युरॅसिल काढणारं एन्झाइम या जिवाणूला किती लागतं हे आम्ही पाहत होतो. बेंगळुरूला भारतीय विज्ञान संस्थेत उमेश वार्ष्णेय यांच्या गटानं या एन्झाइमवर वर्षानुवर्षं काम केलं आहे, त्यांचे शोधनिबंध आमच्या टेबलावर कायम उघडे असत. मूळ कोड्याचं उत्तर मिळायला मात्र २०१७ उजाडावं लागलं. स्पेनमधल्या एका गटानं स्मेग्मॅटिसचे हजारो म्युटंट, म्हणजे जनुकात बदल झालेले जिवाणू, चाळले आणि नुक-एस नावाचं, साफ वेगळ्या घडणीचं एन्झाइम काढून दाखवलं. ते नसलं की जिवाणूच्या चुका शंभरपटीच्या घरात वाढतात. आमच्या हाती उत्तर लागलं नाही याची खंत नाही, पण त्या एकोणीस वर्षांत आमच्याकडची किती चांगली मुलं मध्येच सोडून गेली याची आहे. सोडण्याचं कारण बहुधा एकच. फेलोशिप मंजूर झालेली, पैसे आलेले नाहीत. घरभाडं थकलं, बापाला फोन करायची लाज वाटायला लागली, आणि औषध कंपनीत विक्रीची नोकरी समोर होती. कार्यालयात विचारलं की ‘फाइल वर गेलीय’. ती फाइल महिनोन् महिने वरच असायची.

ज्या शहरात हे पत्र वाचलं जातंय, तिथे १९११ मध्ये भागवतांच्या घरी कमला जन्मली, पुढे कमला सोहोनी. तिच्या थोरल्या बहिणीचं नाव मराठी वाचकाला सांगायला नको, कमलाबाईंचं मात्र सांगावं लागतं. मुंबईची पदवी घेऊन १९३३ मध्ये बेंगळुरूच्या त्याच भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी बाईला प्रवेश नाही म्हणून सांगितलं. या तिथे जाऊन हटून बसल्या. अटींवर प्रवेश मिळवला, काम करून दाखवलं, आणि नंतर त्या संस्थेचं दार मुलींना उघडलं. केंब्रिजमध्ये बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम-सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन असल्याचं त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेतली. पुढे मुंबईत नीरेवर आणि डाळींवर संशोधन केलं. कमलाबाई जिद्दीच्या होत्याच. पण वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, त्याच बेंगळुरूच्या संस्थेचे सुरुवातीचे विद्यार्थी, हेही लक्षात घ्या. प्रयोग फसतो, महिने वाया जातात, हे त्या घरात कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल. सुदामानगरातल्या ज्या मुलीचे वडील दुकान चालवतात, तिच्यामागे असं घर नसतं. तिच्यामागे तुम्ही उभे राहू शकता.

आज परिस्थिती तशी वाईट नाही. आपल्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, सिमरोलला आयआयटी आहे, राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ या यंत्राचा क्ष-किरणांचा झोत वापरून प्रथिनांची रचनाही पाहता येते. नेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची सरकारी फेलोशिप, मिळाली की २०२३ पासून महिना ३७ हजार मिळतात. अडचण असते ती अधल्यामधल्या काळात. एमएस्सी झालं, नेट वर्षातून दोनदा, एकदा गुण थोडक्यात गेले. हैदराबाद, पुणे, मोहालीला मुलाखती, तिकिटं आपल्या खिशातून. निवड झाली तरी पहिला हप्ता यायला वेळ. मधली पाच वर्षं संपतात, थिसिस लिहायचा राहतो आणि फेलोशिप बंद होते. या फटींत मुलं गळतात.

म्हणून माझा प्रस्ताव असा की अशा एकाला किंवा एकीला महिना पंधरा हजार द्या, गरज असेल तोवर, जास्तीत जास्त तीन वर्षं. तीन वर्षांचे होतात पाच लाख चाळीस हजार. एका संस्थेला जड वाटत असतील तर चौघींनी मिळून उचला. एरवी गणेशोत्सवाच्या तारखांवरून तुमचं जमत नाही ते सोडा, पण हिशेबात जमेल. पैसे दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यात पडले पाहिजेत, समारंभात मोठा पुठ्ठ्याचा चेक देऊन नाही. निवड करताना मुलाशी अर्धा तास बोला आणि त्याच्या गाईडला एक फोन करा. काय शोधतोय आणि का शोधतोय हे ज्याला दुकानदाराला कळेल असं सांगता येतं, त्याला द्या. वर्षातून एकदा तुमच्या सभागृहात त्याला बोलवा आणि काय काय फसलं ते सांगायला लावा. माझा अनुभव आहे, यशाच्या भाषणापेक्षा लोक हे जास्त लक्ष देऊन ऐकतात.

‘शेवटी मुलं अमेरिकेलाच जाणार,’ असं कुणीतरी म्हणेल. जातील काही. आयआयटीवालेही जातात आणि त्यांना आपण शाल देतोच. ‘देणगीदाराला फोटो लागतो,’ असंही म्हणाल. तर देणगीदाराला प्रयोगशाळेत घेऊन जा. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धुताना उभा करा, तो फोटो शालीच्या फोटोपेक्षा बरा येतो. अर्थात आता बऱ्याच ठिकाणी फिल्म जाऊन स्कॅनर आलेत, तेव्हा जुनी खोली कुठे शिल्लक आहे ते मी बघून ठेवते.

निवड समितीवर काम करायला मी तयार आहे, अध्यक्षपद मात्र नको. अर्जाचा मसुदा करून ठेवला आहे. एकच पान : नाव, पत्ता, कुठली प्रयोगशाळा, कशावर काम, गाईडचा फोन, बँक खातं, आणि मधला महिना कोणता अडलाय ते. पुढच्या बैठकीच्या आधी प्रत्येक कार्यालयात एकेक प्रत आणून देते. रविवारी सकाळी कार्यालय उघडं असतं का, तेवढं कळवा.

आपली,
एक निवृत्त जीवरसायनशास्त्रज्ञ
राजेंद्रनगर, इंदूर